खुंट मागायला गेलेली दक्षता

डोंबिवलीच्या 'तिथीमित्र' मंडळींना नवं काही करता येत नव्हतं असं नाही. पण दुसऱ्यानं केलेलं तपासण्यात जी मजा आहे ती करण्यात कुठली? त्यांचं पंचांगाचं सॉफ्टवेअर पंधरा वर्षांपूर्वी कुणा भल्या माणसानं लिहून सगळ्यांसाठी खुलं सोडलेलं. तो परदेशी गेला आणि मागे उरली ती समिती. अध्यक्ष आनंद सर. दर रविवारी एका क्लासच्या रिकाम्या वर्गात बाकांवर बसून ही माणसं खुल्या समुदायाचे नियम करत. समुदाय किती खुला ठेवायचा यावर म्हणे पाच रविवार गेले होते.

या उंटावरच्या शहाण्यांच्या दारात कळव्याच्या दक्षताला जावं लागलं, याचा मला अजून राग येतो.

दक्षता वागळे इस्टेटमध्ये मापं तपासायचं काम करते. दुसऱ्यांचे गेज आणि काटे बरोबर आहेत की नाहीत, हे बघण्यात तिची बारा वर्षं गेली. बाप दाजी, खाडीत होडी घालणारा. छापील तक्त्यातली भरतीची वेळ मुंबईची असते. खाडीत आत पाणी उशिरा पोचतं, आणि किती उशिरा ते अमावास्येला वेगळं, अष्टमीला वेगळं. दाजीला हे तोंडपाठ. दक्षतानं त्याला रोज विचारून, दोन वर्षं जेटीवर काठी रोवून पाणी मोजून, त्याचं एक सॉफ्टवेअर केलं. नाव ठेवलं 'उधाण'. गावातल्या साठेक होड्या ते मोबाइलवर बघून निघू लागल्या.

मग गेल्या साली तिला डेंगी झाला. बारा दिवस उधाणकडे बघायला कुणी नव्हतं. त्यात एक वेळ चुकली आणि चुलतभाऊ जयेश अर्धा दिवस चिखलात होडी धरून बसला.  आपण मेलो तर हेही आपल्याबरोबर मरणार, ही गोष्ट तेव्हा तिला पहिल्यांदा नीट कळली. उधाणला दुसरे हात हवे होते, आणि टिकणारी जागा.

तिथीचं सॉफ्टवेअर आणि भरतीचं, म्हणजे शेजारीपाजारीच. ती डोंबिवलीला गेली आणि म्हणाली, "सर, तुमच्याकडे ह्याला एक जागा द्या. तुमच्यातली दोन माणसं माझ्यासोबत बघतील. बदल करायच्या किल्ल्या तिघांकडे राहतील. बस."

आनंद सर हसले. "अगं, असं नसतं. आधी अर्ज. मग दोन महिने परिवीक्षा. मग आमच्या मूळ प्रकल्पाच्या शिस्तीत बसवणं."

अर्ज सोळा पानी होता. तो संचितानं आणून दिला, समितीतली सगळ्यात धाकटी सभासद, आणि देताना तिनं मान खाली घातली. पुढे नऊ रविवार भिजत घोंगडं पडलं. उधाण हे नाव गेलं, 'तिथीमित्र-सागर' आलं. खाडीला सागर म्हणणारी ही माणसं! किल्ल्या समितीकडे, दक्षतानं बदल 'सुचवायचे'. आणि दहाव्या रविवारी आनंद सरांनी चष्मा पुसत विचारलं, "ही उशिराची आकडेमोड अधिकृत तक्त्यात नाही. आधार काय?"

"माझे बाबा. आणि दोन वर्षांची मापं."

वर्गात हसू फुटलं. एकसूत्रीपणासाठी ती आकडेमोड काढून टाकायची असा ठराव झाला. एकमतानं. संचितासुद्धा गप्प बसली.

"मग माझं मला परत द्या," दक्षता म्हणाली.

"अगं, तुझं काय त्यात? खुलं आहे ना? कुणीही घ्यावं."

खरंच होतं ते, आणि म्हणून जास्त झोंबलं. आयत्या बिळावर नागोबा बसला होता, तोही नियमाला धरून.

घरी दाजीनं सगळं ऐकून घेतलं. "बाय, आपले जेटीवर नवी होरी आली तर आपण काय करताव? एक खुंट देताव, बांध म्हणताव. तिचा रंग नाय बदलत. होरीच मागून नाय घेत."

दक्षतानं उधाण उचलून पुन्हा आपल्या जागी आणलं. एकटीनं.

महिनाभरानं 'तिथीमित्र-सागर'चं लोकार्पण ठरलं, आणि तेही कळव्याच्या खाडीत. आनंद सरांच्या मेव्हण्याची फायबरची बोट आली. ती तलावाच्या पाण्यापलीकडे कधी गेली नव्हती. फलक, नारळ, संचितासकट सहा सभासद. सकाळचे नऊ वाजले होते. मुंबईच्या हिशेबानं साडेसातपासून पाणी चढत होतं. इथं ते अजून उतरत होतं. दाजी जेटीवर जाळं शिवत बसला होता. तो म्हणाला, "आता नका जाव."

"काका, आम्ही तक्ता बघूनच आलोय," आनंद सर म्हणाले.

समोर चिखल दिसत होता, पण पडद्यावर भरती होती. दहा मिनिटांत बोट रुतली. उतरून ढकलायला गेलेले दोघं मांडीपर्यंत आत गेले. मग घरी दक्षताचा फोन वाजला.

"दक्षता, पाणी कधी येईल गं?"

"तुमच्याकडे तर केव्हाच आलंय, सर," ती म्हणाली. तिला फार बरं वाटलं, आणि ते तिनं लपवलंही नाही. मग खरी वेळ सांगितली आणि जेटीकडे निघाली.

त्या वेळेला पाणी आलं. दाजीनं होडी नेली, दोर टाकला, ओढून आणलं. कुणाचं नाव विचारलं नाही. आनंद सरांनी बोटीतूनच समुदायाला कळवलं होतं, 'प्रात्यक्षिक यशस्वी, किरकोळ विलंब.'

सगळे निघून गेले. संचिता मात्र जेटीवरच उभी राहिली, गुडघ्यापर्यंत चिखलानं काळी झालेली.

"मी त्या दिवशी गप्प बसायला नको होतं," ती दक्षताला म्हणाली. "उधाण तुझ्याबरोबर बघायला मला घेशील? अर्ज वगैरे कुठे करायचा?"

दक्षता काही बोलायच्या आत दाजीनं पाण्याची बादली पुढे सरकवली.

"आदी पाय धू, बाय."