पुलाखाली उभं राहताना

नारळ फुटला, नव्या पुलाच्या काँक्रीटवर पाणी सांडलं आणि त्या वासासरशी मी नांदेडच्या मांडवातून थेट देगलूरकडच्या जुन्या पुलाखाली जाऊन पोचले.

तो पूल माझ्या नवऱ्यानं बांधला होता. पूजा झाली की इंजिनिअरनं बायकोला घेऊन पुलाखाली उभं राहायचं आणि वरून पहिला भरलेला ट्रक जाऊ द्यायचा, असा तिकडं रिवाज होता. "आमची लेकरं जाणार हायत यावरून, सायब," गावातले एक म्हातारे म्हणाले होते. ट्रक वर आला. पूल घुमला, सांध्यातली वाळू माझ्या पदरावर पडली. "काही होत नाही," हे म्हणाले. पण माझा हात धरलेला त्यांचा तळवा घामानं चिंब होता. मला तेव्हा रागच आला. स्वतःच्या कामाची एवढीही खात्री नाही?

आजचा पूल आमच्या लेकीनं बांधलाय. तिनं मंचावरून बटण दाबलं, ड्रोननं फुलं उधळली, टाळ्या झाल्या.

"खाली कोण उभं राहणार गं?" मी विचारलं.

"आई, आता सेन्सर असतेत की!" ती हसली.

मी तिचा हात हातात घेतला. तळवा अगदी कोरडा होता.