बावीस खटक्यांची कॉफी

माझ्या सासऱ्यांनी सव्वीस वर्षांत मला एकदाच शाबासकी दिली आहे. ती एका कॉफीबद्दल होती. त्या कॉफीत लसूण होता.

प्रकरणाची सुरुवात पुण्यात झाली. मी पुतणीकडे गेलो होतो. तिने काचेच्या भांड्यावर एक चिनी मातीचं शंकूसारखं गाळणं ठेवलं, त्यात कागद, कागदात कॉफीची भरड, आणि वरून उकळत्या पाण्याची बारीक धार सोडत ती चार मिनिटं एका पायावर उभी असल्यासारखी उभी राहिली. मग दूध नाही, साखर नाही, असा एक कप तिने माझ्या हातात दिला.

"काका, फुलांची चव येते का?"

मला पाण्याची चव येत होती. पण पुण्यात येऊन मागासलेला ठरायची माझी तयारी नव्हती.

"मोगरा," मी म्हणालो.

"अगदी बरोबर! पाकिटावरही तेच लिहिलंय."

झालं. आपली जीभ असामान्य आहे आणि सोलापुरात तिचे हाल चालले आहेत, हे मला त्या क्षणी कळून चुकलं. (मोगरा मी समोरच्या कुंडीत पाहून म्हणालो होतो, हे मी परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत पार विसरलो.)

मी कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. आयुष्यभर पोरांचे लंबक मोजले. त्यामुळे कॉफी हा स्वयंपाक नसून प्रयोग आहे, हे मला लगेच पटलं. आणि प्रयोग म्हटलं की आधी उपकरण हवं. व्हिडिओंवरून असं समजलं, की कॉफी दळायची यंत्रं दोन जातींची असतात. एकात पातं गरगर फिरतं आणि बियांचे वाटेल तसे तुकडे करतं. दुसऱ्यात दोन दातेरी चकत्यांच्या मधून बिया रगडून जातात, आणि सगळे कण सारखे पडतात. पहिल्या जातीचं यंत्र घेणाऱ्याला त्या व्हिडिओंत माणूस समजत नाहीत. मी तीन महिने वह्या भरून अभ्यास केला. शेजाऱ्यांना वाटलं, मी या वयात प्रमोशनच्या परीक्षेला बसतोय.

एकदा आमच्या सोलापूरच्या नव्या पेठेतल्या दुकानातही चौकशी करून पाहिली.

"कॉफीला का?" दुकानदार म्हणाला. "हा मिक्सर घ्या की. शेंगा टाका, खोबरं टाका, हळकुंड टाका, काय म्हनत न्हाई."

"पण कण सारखे पडतील का?"

"कसले कण?"

"कॉफीचे."

त्याने मिक्सरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "साहेब, मोजनार कोन हाय?"

मीच मोजणार होतो, पण ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. शेवटी घरपोच मागवलं. स्टीलचं, मुठीत मावणारं, वर दांडा, आणि खाली एक कडं. कडं फिरवलं की खट् खट् वाजायचं, आणि जितके खटके मोकळे तितकी भरड जाड. माझ्या बायकोने, सुनंदाने, ते हातात घेऊन वरखाली पाहिलं.

"हे काय, जात्याचं पिल्लू?"

"हे कॉफीचं यंत्र आहे."

"ह्यात शेंगाची चटणी होईल का हो?"

"सुनंदा, ह्याला तिखटाचा वाससुद्धा लागता कामा नये."

"वास लागू द्यायचा न्हाई, तर सोलापुरात आणलं कशाला?"

तिचंही बरोबर होतं, हे आता म्हणायला हरकत नाही. आमच्याकडे शेंगाची चटणी ताटात नसेल तर जेवण सुरू झालं असं धरत नाहीत. ही चटणी उखळात कुटावी लागते. मिक्सरमध्ये केली की तिचं पीठ होतं आणि आल्यागेल्यासमोर मान खाली घालावी लागते. आणि कुटून कुटून सुनंदाचा उजवा खांदा धरला होता. पण त्या दिवसांत मला खांदे दिसत नव्हते, फक्त कण दिसत होते.

पाण्याच्या बारीक धारेसाठी मी तिची तेलाची झारी पळवली. बिया पंधरा ग्रॅम, पाणी अडीचशे, चार मिनिटं. अकरा प्रयोगांनंतर बावीस खटके हे उत्तर निघालं. ती बावीस खटक्यांची कॉफी मी सुनंदासमोर ठेवली. तिने कपाच्या तळाची नक्षी नीट पाहून घेतली.

"कपाला नुसती कॉफी दाखवून आणलीया का?"

"तुझी जीभ तयार नाही अजून."

हे बोलायला नको होतं. ती उठली, खांदा चोळत उखळाशी गेली आणि तिथूनच म्हणाली, "बरं. माझी न्हाई ना तयार? रविवारी अप्पा येणार हायत. त्यांनी तुमची कॉफी कपभर पिली, तर यंत्र तुमचं. परत नाव काढणार न्हाई. न्हाई पिली, तर माझ्या चटणीला. कबूल?"

मी कबूल म्हणालो आणि मग घाबरलो. अप्पा म्हणजे माझे सासरे. कर्नाटकच्या हद्दीजवळ मैंदर्गीला राहतात, निम्मं मराठी आणि निम्मं कानडी बोलतात, आणि बशीतल्या चहाखेरीज दुसरं काही ओठाला लावत नाहीत. माणूस संशयी. लग्नात मी दिलेली सुपारीसुद्धा त्यांनी आधी फोडून आतून बघितली होती.

आठवडाभर मी दिवसातून चार वेळा सराव केला. त्यात दोन गोष्टी झाल्या. मला झोप येईनाशी झाली, आणि शनिवारी गाळायचे कागद संपले. सोलापूरभर हिंडलो. कागद म्हटलं की दुकानदार झेरॉक्सचा पुढे करत. शेवटी मागच्या गल्लीतले भूमय्याअण्णा मदतीला आले. त्यांच्या शेडमध्ये टॉवेलचे माग चालतात.

"कागद कशाला पायजे? कापड घ्या की," अण्णांनी टर्रकन एक पांढरा तुकडा फाडून दिला. "आत्ताच मागावरनं उतरलंय. कोरं करकरीत. पानी बी लागलं न्हाई अजून."

पाणी लागलं नाही, हे मला शुद्धतेचं प्रमाणपत्र वाटलं. नव्या कापडाच्या सुताला कांजीची खळ असते, हे सोलापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण शेंबड्या पोराने तीन महिने व्हिडिओ पाहिलेले नसतात.

रविवारी सकाळी मी अप्पांना आणायला एसटी स्टँडवर गेलो. अप्पा उतरले ते मफलर गुंडाळून. पंधरा दिवस सर्दीने नाक बंद.

"जावईबापू, वास म्हून कसला येत न्हाई बगा," ते म्हणाले. मला जरा वाईट वाटलं. मोगरा वाया जाणार होता.

घरी आलो तर ओट्यावर माझ्या डबीत कॉफीची भरड तयार! यंत्र पुसून बाजूला ठेवलेलं.

"दळून ठेवलीया," सुनंदा म्हणाली. "बावीस खटके. म्हटलं, तुमची घाई नको."

पैज लागलेली असताना बायकोने असं करावं! माझे डोळे पाणावले. (थोड्या वेळाने ते पुन्हा पाणावणार होते.)

अण्णांचं कापड गाळण्यात बसवलं, भरड टाकली, झारीची धार धरली. खाली थेंब पडेना. सहा मिनिटं गेली. मग पहिला थेंब आला तो पाघळत आला, दुसरा त्याचा हात धरून आला. वर तेलाचे बारीक डोळे तरंगत होते. घरात लसणाचा वास होता, पण रविवारी आमच्या घरात लसणाचा वास नसेल तरच चौकशी होते. मी वहीत लिहिलं: 'आज कॉफीला अंग चांगलं आहे.'

अप्पांनी कप घेतला, बशीत ओतला आणि बशीकडे खालून वरून पाहिलं.

"दूद?"

"नसतं, मामा."

"साकर?"

"तीही नसते."

"मग घरात काय अडचन हाय का?"

सुनंदा दाराला टेकून उभी होती. हात तिने आधीच यंत्राच्या दिशेने मोकळा ठेवला होता. अप्पांनी एक फुर्रकन घोट घेतला आणि थांबले. कपाळावर घाम आला. कान लाल झाले. मफलर सुटला. मी यंत्राचा मनातल्या मनात निरोप घेतला. मग अप्पांच्या नाकातून, पंधरा दिवस बंद असलेल्या त्या नाकातून, शिट्टीसारखा एक आवाज निघाला, आणि त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

"भाळ छलो अद," ते म्हणाले. कानडीत याचा अर्थ लई चांगलं हाय. "आनखी हाय का?"

तीन बशा! माझ्या डोळ्यांदेखत अप्पा तीन बशा प्याले, बशी बोटाने पुसली आणि म्हणाले, "जावईबापू, मला वाटलं हुतं तुमी नुसतेच हाय. पन कामाचं मानूस हाय तुमी."

सव्वीस वर्षं! मी सुनंदाकडे असं पाहिलं, की तसं पुन्हा पाहण्याची संधी मला अजून मिळालेली नाही. उरलेली कॉफी कपात ओतली आणि डोळे मिटून मोठा घोट घेतला.

आधी कांजी लागली. मग मीठ, जिरं आणि भाजलेल्या शेंगा. मग तिखटाने घसा धरला. मी स्वयंपाकघरात धावलो, नळाला तोंड लावलं, आणि तोंड सुटल्यावर विचारलं, "सुनंदा, यंत्रात काय घातलं होतंस?"

"चटणी," ती शांतपणे म्हणाली. "यंत्र माझंच होणार हुतं. म्हटलं, आधी मूठभर करून बघावी, होतीया का न्हाई. काय रवाळ झाली म्हणून सांगू."

"मग धुतलं का नाहीस?"

"दळायच्या वस्तूला पाणी लावतात का कुटं? मसाल्याच्या डंकावर काय करतात? पुढच्या बाईनं आपला मूठभर माल घालायचा, मागचं सगळं त्यात निघून येतंय. तसं मी तुमच्या बिया घालून काढलं."

"आणि त्या बियांची पूड?"

"डबीत भरली की. एवढी महागाची, टाकून देऊ?"

डंकावरसुद्धा तो पहिला मूठभर माल बाजूला काढतात, हे तिला माहीत होतं आणि मलाही. पण बाहेर अप्पा मोकळ्या नाकाने मैंदर्गीला फोन लावून जावयाची कीर्ती सांगत होते. मी तोंड पुसलं आणि बाहेर जाऊन ती ऐकत बसलो. कीर्ती माझीच होती.

दुसऱ्या दिवशी खरी कॉफी केली. यंत्र ब्रशने घासलेलं, कापड तीनदा उकळलेलं, बरोबर बावीस खटके. अप्पांनी अर्धी बशी घेतली आणि बशी खाली ठेवली.

"साकु," म्हणजे पुरे. "कालच्यावानी न्हाई जमली. आज ध्यान कुटं हुतं तुमचं?"

सुनंदा पुन्हा दाराला टेकून उभी होती. तिने शेंगांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. मी म्हणालो, "पैज मी जिंकलोय. यंत्र माझं आहे."

"मी कुटं न्हाई म्हटलं? तुमचंच हाय. मग फिरवणार बी तुमीच की."

तेव्हापासून अप्पा महिन्यातून दोनदा येतात. त्यांच्या कॉफीआधी यंत्रातून चटणी निघावीच लागते, आणि मूठभर चटणीने आमच्या घराचं भागत नाही. म्हणून दर रविवारी मी तासभर दांडा फिरवतो. सुनंदाचा खांदा आता छान आहे. माझा धरलाय. मैंदर्गीपर्यंत माझ्या चटणीचं नाव झालं आहे. सगळे कण सारखे पडतात म्हणे, आणि खरंच पडतात, मी मोजले आहेत. यंत्राला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा नियम मी अजूनही कडक पाळतो. मग हात स्वच्छ धुतो, खांद्याला तेल लावतो आणि बशीत ओतून चहा पितो.