जीपला हळद

आमच्या मालकांनी मेंढरं विकून जुनी डिझेल जीप घेतली तेव्हा मला बरंच वाटलं होतं. मेंढरांमागं चालून माझ्या टाचा फुटल्या होत्या आणि गुडघे गेले होते. गाडीमागं चालावं लागत नाही, गाडीत बसायचं असतं, एवढंच मला कळत होतं. तेही खरं नव्हतं. त्या उन्हाळ्यात मी पाण्याचा कॅन घेऊन जितकी चालले तितकी मेंढरांमागंही चालले नसेन.

जीप भवानीनगरहून बारामतीला जायची. कारखान्याच्या वसाहतीत राहणारे काही शिक्षक बारामतीच्या शाळेत होते. इंदापूरकडून येणारी एस.टी. आमच्याकडं पोचायची तेव्हा दारात पाय ठेवायला जागा नसायची. म्हणून त्यांनी महिन्याच्या बोलीवर आमची जीप लावली होती. सकाळी त्यांना सोडायचं, दुपारी परत आणायचं. मधल्या वेळात जी माणसं भरायची त्यांच्यावर डिझेल निघायचं. घर चालायचं ते शिक्षकांवर. ते गेले असते तर जीप विकावी लागली असती, आणि मला दुसऱ्याच्या उसात खुरपायला जावं लागलं असतं. गुडघे गेलेल्या बाईनं उसाच्या सरीत दिवसभर उकिडवं बसायचं म्हणजे काय, ते बसल्याशिवाय कळत नाही. मी तरुणपणी बसले होते. परत बसायचं नव्हतं.

होळी झाली आणि गाडी तापायला लागली. समोर एक काटा असतो. तो उजवीकडं कलला की मालक गप्प व्हायचे. आणखी कलला की खिडकीबाहेर बघायचे, जणू काटा दुसऱ्या कुणाच्या गाडीचा आहे. मग झाकणाखालून वाफ यायची आणि गाडी कडेला. मी उतरायची. कालव्याला पाण्याची पाळी चालू असली तर पाणी जवळ मिळायचं. पाळी नसली तर कालव्यात नुसता गाळ, मग वस्त्या शोधत जायचं, कुत्री हाकलत. त्यासाठीच मालक मला पुढच्या सीटवर बसवून न्यायचे. पगार देऊन माणूस ठेवणं परवडत नव्हतं. शिक्षकांमध्ये एक वयानं मोठे गुरुजी होते. ते सगळ्यांच्या वतीनं बोलायचे आणि जिभेला हाड नव्हतं. ते म्हणायचे, "मावशी, तुम्ही मालकीण का क्लीनर?"

"दोन्ही," मी म्हणायची. "पगार दोन्हीचा न्हाय."

एकदा मालकांनी घाई केली आणि गाडी गरम असतानाच रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी उडालं आणि मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली.  घरी आल्यावर मी भाजल्यावर लावायचं मलम लावलं. तेव्हा मालक म्हणाले, "रेडिएटर खालनं गळतोय. म्हून पाणी कमी पडतंय."

"मग मिस्त्रीला दाखवा."

"त्यो भोकाला डाग द्यायचा म्हनंल, गाडी ठिऊन घील. शिक्षकांस्नी काय खांद्यावर न्यू?"

चहाच्या टपरीवर कुण्या ट्रक ड्रायव्हरनं त्यांना सांगितलं होतं, रेडिएटर गळत असला तर चिमूटभर हळद टाका, भोक बुजतं. मालकांना हे एकदम पटलं. आमच्यात मेंढरू जखमी झालं की हळद, खोकलं की हळद, व्यायल्यावरही हळद. त्यांनी माझ्या डब्यातून मूठभर घेतली.

"चिमूट म्हनला हुता ना त्यो?"

"मेंढराला चिमूट. बैलाला मूठ. ही तर बैलापरीस मोठी हाय."

गळायचं थांबलं. मालक दोन दिवस ताठ मानेनं चालले. जनावर असो की गाडी, औषध एकदा देऊन भागत नाही, चालू ठेवावं लागतं, असं त्यांचं म्हणणं. ते एक दिवसाआड मूठ टाकत राहिले. मी पुन्हा हळकुंडं कुटली. मला वाटलं, गाडी त्यांची, त्यांना कळत असेल.

गळती नव्हती, तरी गाडी तापायचीच. उलट आधी दुपारी परत येताना तापायची, ती आता सकाळच्या गारव्यातही तापायला लागली. मालक बारामतीत मार्केट यार्डाच्या मागं एका मिस्त्रीकडं गेले. मधल्या वेळात भाडं नसलं की तो एकेक गोष्ट बघायचा. फॅनचा पट्टा ढिला होता, तो ताणला. पाण्याचा रबरी पाइप फुगला होता, तो बदलला. इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवून धरणारा एक वॉल असतो, तो आपल्याकडच्या उन्हात लागत नाही म्हणून काढूनच टाकला. पंप खोलून बघितला, तो धड होता. पिवळट पाणी निघालं, ते त्यानं कालव्याचं म्हणून ओतून दिलं. दर वेळी गाडी एकदोन दिवस बरी चालायची, निदान आम्हाला तसं वाटायचं, आणि पुन्हा काटा उजवीकडं. हळदीचं मालक त्याच्यापुढं बोलले नाहीत. त्यानं विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं ते नंतर म्हणाले.

वार्षिक परीक्षा सुरू झाली. पहिल्याच पेपरला पिंपळी गावाच्या अलीकडं वाफ आली. कालव्याची पाळी बंद होती. मी कॅन घेऊन एका वस्तीवर गेले, तिथली बाई झोपेतून उठून दार उघडेपर्यंत वेळ गेला. परत आले तर शिक्षक रस्त्यावर उभे, प्रत्येक ट्रकला हात करताहेत. कुणी थांबत नव्हतं. मालकांनी इंजिन चालू ठेवून पाणी हळूहळू ओतलं, कारण एकदम गार पाणी पडलं तर इंजिनाला तडा जातो असं मिस्त्रीनं बजावलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा त्यांच्या वर्गांत पोरं बसून होती आणि पेपर वाटायला कुणी नव्हतं.

दुपारी गुरुजी चेष्टा करायला आले नाहीत. म्हणाले, "आबा, आज हेडमास्तरांनी मला पोरांसमोर सुनावलं. माझी एवढी नोकरी झाली, असं कधी झालं नव्हतं. परीक्षा संपेपर्यंत गाडी एकदा जरी थांबली, तर जूनपासून आम्ही सगळे एस.टी.चा पास काढणार. लोंबकळत जाऊ, पण वेळेत जाऊ."

"व्हय," मालक म्हणाले.

"आज आम्ही एस.टी.नंच जातो. तुम्ही गाडी दाखवा."

आम्ही थेट मिस्त्रीकडं. तो वैतागला होता. म्हणाला, "आता हेडचं गॅस्केटच राहिलं. त्ये गेलं असंल तर इंजिन खोलावं लागंल. चार-पाच दिवस गाडी हितंच."

मालक तिथल्या एका जुन्या टायरवर बसले. चार-पाच दिवसांत परीक्षा संपली असती आणि आमचंही संपलं असतं. मी उभीच होते. बसायला दुसरा टायर नव्हता.

मिस्त्रीनं गाडी चालू केली आणि झाकण काढून पाण्याकडं बघत राहिला. गॅस्केट गेलं असलं तर पाण्यात बुडबुडे येतात म्हणे. आले नाहीत. ऑइलची पट्टी काढून बघितली, ऑइलही स्वच्छ. त्यानं रेडिएटरच्या तोंडात बोट घातलं, ते पिवळं होऊन आलं.

"गंज हाय," तो म्हणाला. "लई जुना गंज हाय, आबा."

 मी मालकांकडं बघितलं, त्यांनी रस्त्याकडं बघितलं.

"गंज न्हाय त्यो," मी म्हटलं. "हळद हाय."

"काय?"

"हळद. आमटीत घालतो ती."

मिस्त्रीनं बोटाचा वास घेतला. मग तो इतका हसला की शेजारचा वेल्डिंगवाला काम सोडून आला. "आबा, हळद लावून ठिवलीया, मग नवरदेव कवा यायचाय? आन् किती टाकली?"

"मूठ," मालक म्हणाले.

"मूठ! रोज?"

"रोज कशाला? एक दिवसाआड," मालक चिडून म्हणाले, जणू त्यांच्यावर भलताच आरोप आला होता.

"आन् मी मेलो पट्टं ताणत बसलोय! मावशी, तुमी तरी बोलायचं."

"तुमी इचारलं का मला? आतापतूर तुमी माझ्याकडं बघितलंबी न्हाय."

 रेडिएटरवर फडकं टाकून मिस्त्रीनं मालकांचा हात वरच्या भागावर ठेवला, मग खाली सरकवला. वर भाजत होतं, खाली निम्मा भाग गार. आत बारीक नळ्या असतात, त्यांतून पाणी खाली उतरतं आणि उतरता उतरता निवतं. आमच्या नळ्यांत हळद आणि कालव्याचा गाळ मिळून खडा झाला होता. पाणी उतरतच नव्हतं, मग निवणार कुठून?

त्यानं रेडिएटर उतरवला, वरची टाकी तापवून सुटी केली आणि एकेका नळीत चपटी सळई घालून मारत राहिला. आतून पिवळा राडा निघाला, वास सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या पातेल्यासारखा. हळद निघाली तसं जुनं भोकही पुन्हा उघडं पडलं. कथील वितळवून त्याला डाग दिला. मिस्त्रीनं त्या दिवशी दुसरं काम घेतलं नाही. उन्हं कलताना जीप चालू झाली.   

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षक गाडीत बसले, पण कुणी वर्तमानपत्र उघडलं नाही की गप्पा मारल्या नाहीत. सगळे मागून माझ्या खांद्यावरून काट्याकडं बघत होते. गुरुजींचा श्वास माझ्या मानेवर लागत होता.

"गुरुजी, मागं सरा," मी म्हटलं. "बघून काटा खाली येत न्हाय."

पिंपळी गेली. काटा मध्यावरच होता. शाळेपाशी उतरताना गुरुजी म्हणाले, "आज एक दिवस झाला." रोज उतरताना ते एवढंच म्हणायचे, जणू पोराला वाढीव मार्क द्यायला हात आखडत होता. परीक्षा सरेपर्यंत गाडी थांबली नाही. मी मात्र रोज भरलेला कॅन मांडीवर घेऊन बसले. विश्वास बसायला मला वेळ लागतो.

शेवटच्या पेपरच्या दुपारी भवानीनगरला उतरून गुरुजी मालकांच्या खिडकीशी आले. "आबा, जूनमध्ये शाळेत एक नव्या बाई येताहेत, आमच्याच वसाहतीत राहणार. त्यांना गाडी लावायची आहे. जागा आहे का?"

मालकांनी मागं बघितलं. मागं जागा नव्हती. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"हाय जागा," मी म्हटलं. "ही माझीच."

"मग पानी कोन आनंल?" मालक म्हणाले.

"आता डब्यातली हळद मी झाकून ठिवीन. पानी लागायचं न्हाय."

गुरुजी हसत निघून गेले. मालकांनी जीप दारात लावली आणि ते बॉनेट उघडून उभे राहिले. मी आत जाऊन दार लोटलं आणि जमिनीवर आडवी झाले. भर दुपारी. कितीतरी वर्षांत दुपारची झोपले नव्हते. थोड्या वेळानं मालकांनी बाहेरून विचारलं, "बरं न्हाय का?"

"बरं हाय," मी म्हटलं. "म्हून तर झोपलीय."