शरयूताईंच्या यादीतली माणसं

शरयूताई फोनवर आवाज ओळखून आधी नंबर सांगत, ख्यालीखुशाली मग. "दापोलीच्या बाई ना? तुमचा चौथा. बऱ्या आहात?"

रत्नागिरीत एसटी स्टँडजवळ त्यांची सीडींची लायब्ररी होती. दापोली-मंडणगडच्या सभासदांना त्या एसटीच्या पार्सलनं चित्रपट पाठवत. जुन्या मराठी चित्रपटांची एकेकच प्रत असे, त्यामुळे प्रत्येकामागे वहीत नावांची रांग. ती मोडायची नाही, हा त्यांचा नेम. सख्ख्या भावालाही त्यांनी सुनावलं होतं, "नातं घरी. इथे तू नववा." घाई करणाऱ्याला म्हणत, "आंबा दडपून पिकवलात तर सालीला रंग चढेल हो, गोडी नाय यायची."

दोन हजार दोन साली मी दापोलीला शाळेत शिकवत होते. एका जुन्या चित्रपटासाठी सात आठवडे थांबले, आणि नंबर लागला तेव्हा शरयूताईंचा फोन आला.

"बाई, सीडी परत आली. नंबर तुमचाच. पण तुमच्यामागे दाभोळच्या एक आजी आहेत. तो चित्रपट त्यांच्या बंदरावर काढलेला. गर्दीत त्यांचा भाऊ दिसतो म्हणे. पुढे तो होडी घेऊन गेला, तो आलाच नाही. घरात त्याचा एक फोटो नाही, आणि आजींची नजर झपाट्यानं चालल्येय."

"ताई, मी सात आठवडे थांबल्येय," मी म्हणाले. "सुट्टी संपेल माझी."

"बरोबर आहे तुमचं. मी नुसतं कानावर घातलं." आवाजात जराही राग नव्हता. त्यानंच जास्त टोचलं.

दुसऱ्या दिवशी पार्सल आलं. मी चित्रपट लावलाही. पण बंदराचं दृश्य आलं आणि मी कथा सोडून गर्दीतले चेहरेच शोधत बसले. यातला कुठला? शेवटी बंद केला, शरयूताईंकडून आजींचा पत्ता घेतला, आणि सीडी घेऊन सकाळच्या गाडीनं दाभोळ गाठलं.

आजी टीव्हीपासून वीतभर अंतरावर बसल्या. दोर ओढणारा एक मुलगा क्षणभर वळून हसला.

"थांबव गो, थांबव!" आजींनी काचेवर बोटं टेकवली. "दादा माझा. पुढचा दात तुटलेला बघ."

दुपारभर आम्ही तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा पाहिला.

सीडी परत द्यायला मी स्वतः रत्नागिरीला गेले. म्हटलं, "आधी नाही म्हणाले, त्याची लाज वाटते."

"लाज कसली?" शरयूताई म्हणाल्या. "हक्काचं होतं ते तुमच्या. हक्काचं नसतं, तर दिलंत काय असतं?"

पुढे घरोघरी केबल आली, लायब्ररी मिटली. त्यानंतर वर्षभरात शरयूताई गेल्या. मी घरच्यांना भेटायला गेले तर ओटीवर दाटी होती. गुहागरचे, मंडणगडचे, दाभोळहून आजींचा मुलगा. बरेचजण एकमेकांना पहिल्यांदाच बघत होते.

कडेला बसलेले एक गृहस्थ माझ्याकडे निरखून बघत म्हणाले, "दापोलीच्या बाई का तुम्ही? मी मंडणगडचा. तुमच्याकडून सीडी परत आली, की पुष्कळदा ती माझ्याकडे यायची."

मग ते थोडे सरकले, आणि मला बसायला जागा करून दिली.