तिच्या कानाजोगं

कंडक्टर म्हणून माझी उभी हयात गोंदियाच्या डेपोत गेली. देवरी, चिचगड, सालेकसा, तिरोडा, सगळे रस्ते पायाखालचे. कचारगडच्या यात्रेला गाडीत पाय ठेवायला जागा नसायची, तेव्हासुद्धा कोणी तिकीट काढलं अन् कोणी नाही, हे मी नुसतं तोंड पाहून सांगत असे. आपल्याला माणूस ओळखता येतो, याचा मला भारी गर्व. तो गर्व दागिन्यांच्या दुकानातल्या एका पोरीनं पाच मिनिटांत उतरवला.

२००९ चं साल. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. मी काही हात आखडणारा माणूस नव्हतो. बोनस झाला, ओव्हरटाइम मिळाला, की बायकोसाठी काही ना काही आणायचोच. अंगठी आणली, टॉप्स आणले, एकदा तर गळ्यातला गोफ आणला. ती डबी उघडून पाही, "चांगलं हाय" म्हणे, अन् डबी सरळ लोखंडी पेटीत. घालायची म्हणून नाही. लग्नकार्यातही गळ्यात काळी पोत अन् हातात काचेच्या बांगड्या. लोकांना वाटत असेल, कंडक्टर बायकोला काही करत नाही. याचा मला राग यायचा. पण त्याहून जास्त बोचायची ती दुसरी गोष्ट. माझ्या हातचं तिला आवडतच नसावं, असं मनात यायचं. पंचवीस वर्षांत नवऱ्यानं आणलेली एकही वस्तू बायकोच्या अंगावर दिसू नये, म्हणजे काय? या वेळी असं काही आणायचं, की ती घालेलच, असं मी मनाशी पक्कं केलं.

बाजारात एका दुकानानं तेव्हा नुकतंच हिऱ्यांचं वेगळं काउंटर लावलं होतं. काचेमागे पांढरे दिवे, समोर फिरत्या खुर्च्या. मी ड्यूटी संपवून खाकी कपड्यातच गेलो. खुर्ची फिरली अन् मी पडता पडता वाचलो. काउंटरवरची पोरगी हसली नाही, हे तिचे उपकार.

"कानातलं दाखवा," मी म्हटलं. "बायकोसाठी."

"अंकल, आंटी का चेहरा कैसा है? गोल, कि लंबा?"

"चांगला आहे."

आता मात्र ती हसली. "अच्छा है, वो ठीक. पर गोल कि लंबा? गर्दन कैसी है?"

"आहे ना. मान आहे."

"अभी कान में क्या पहनती हैं?"

अन् इथं माझी बोबडी वळली. काय घालते? डोळ्यांसमोर बायको आणली. पदर दिसला, कपाळ दिसलं, माझ्यावर चिडल्यावर आवळलेले ओठ तर लख्ख दिसले. कान काही दिसेनात. सकाळच्या चिचगड गाडीत रोज चढणाऱ्या बाईच्या नाकातली चमकी कोणत्या बाजूला आहे, ते मी सांगू शकलो असतो. घरच्या बाईच्या कानात काय आहे, ते मला ठाऊक नव्हतं.

पोरगी समजूतदार होती. तिनं ट्रे काढले अन् धाकट्या भावाला शिकवावं तसं मला शिकवलं. चेहरा गोल असेल तर खाली लोंबतं कानातलं चांगलं दिसतं, लांबट असेल तर कानालगत बसणारं फूल. मान आखूड असेल तर लोंबतं नको. घरात राबणारी बाई असेल तर खडा वर उचललेला नको, पदराचा धागा अडकतो. भडक साड्या नेसणारीला सात खड्यांचं मोठं फूल खुलतं, साधं नेसणारीला ते परक्यासारखं वाटतं, मग ती घालत नाही. 'मग ती घालत नाही' हे शब्द ऐकले अन् मी सरसावून बसलो. माझं दुखणं तेच होतं.

"अंकल, पहले घर जाके आठ दिन आंटी को देखो," ती म्हणाली. "फिर आओ."

आता बायकोला बघायला आठ दिवस काढायचे, हे ऐकून कोणालाही हसू येईल. पण मी खरंच बघितलं. सुट्टीच्या दिवशी सकाळी खाटेवर बसून पेपर तोंडासमोर धरायचा अन् वरून बघायचं. चेहरा लांबट निघाला. मान उंच, हे मला लग्नातही दिसलं नव्हतं. विहारात पांढऱ्या साडीत ती मान खाली घालूनच बसली होती. तिच्या साड्या पाहिल्या. सगळ्यांचे काठ बारीक, बोटभर. बांगडीवाली दारात आली तेव्हा तिनं चमचम करणाऱ्या बांगड्या बाजूला सारल्या अन् साध्या हिरव्या काढल्या, त्यातही दोन परत करून जराशा गडद घेतल्या. अरे, हिला तर आवडनिवड होती! चांगली कडक आवडनिवड होती. मी आणलेले टॉप्स घंटेएवढे होते अन् अंगठी मोराची, हे आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अन् कान पाहिले. दोन्ही कानांत झाडूच्या काडीचे तुकडे होते.

"काऊन पाहून राहिले तवापासून?" तिनं भाकरी थापता थापता विचारलं. "माह्या तोंडाले काही लागलं का?"

"कानात काड्या कायले घातल्या वो?"

"भोक बुजते ना मंग." एवढं बोलून तिनं भाकरी तव्यावर टाकली. जसं काही हे मला ठाऊकच असायला पाहिजे होतं.

आठ दिवस भरले, तसा रविवारी मी तिला सोबत घेऊन दुकानात गेलो. वाटेत तिला सांगितलं, तर रस्त्यातच उभी राहिली. "हिरा? येड लागलं का तुमाले? कायले पाह्यजे आता या वयात?" डेपोतल्या एका ड्रायव्हरनंही मला हेच ऐकवलं होतं, हिरा घेऊ नको, सोनं घे. मी म्हटलं, चल तर, नुसतं पाहायला काय जाते. ती आली, पण नाक मुरडूनच आली.

खुर्चीवर ती अगदी टोकाला बसली. पोरीनं आरसा पुढं केला. मी लगेच आपली आठ दिवसांची विद्या पाजळली. चेहरा लांबट, मान उंच, साड्या बारीक काठाच्या, घरात काम फार, तेव्हा खडा बसका पाहिजे, फूल लहान पाहिजे. बायको तोंडाचा आ करून माझ्याकडे पाहत राहिली. हा माणूस कधी एवढं शिकला, असं तिच्या तोंडावर लिहिलं होतं. खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

पोरीनं सात खड्यांची फुलं काढली, ती बायकोनं नुसती पाहिली. थेंबासारखं लोंबतं दाखवलं, तर म्हणाली, "हे पोरीबाळीचं." मग आले तीन बारक्या खड्यांचे टॉप्स. एकावर एक तिरपे बसवलेले, धानाच्या लोंबीचं टोक असावं तसे. सोनं असं दिसतच नव्हतं, फक्त खडे. बायकोनं ते हातात घेतले. कानाजवळ नेले, आरशात पाहिलं, मान थोडी वळवली, पुन्हा पाहिलं. मग ट्रेत ठेवून दिले. दुसरे पाहिले, अन् हात परत त्याच टॉप्सकडे. असं तीनदा झालं. अन् तिसऱ्यांदाही ठेवून देऊन ती म्हणाली, "चला, घरी काम पडलं हाय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आवडलं ना? मग घे ना! तोंडानं बोलशील तर जीभ झडते का तुझी? पंचवीस वर्षं झाली, मी आणावं अन् तू पेटीत कोंबावं! एकदा सांगून टाक, माझ्या हातचं नकोच म्हणून!" शेजारच्या काउंटरवरची माणसं वळून पाहू लागली. मला त्याचं काही वाटलं नाही. इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर पडलं होतं.

बायको पोरीकडे वळली अन् हळूच विचारलं, "बाई, हे मोडून दुसऱ्या कोनाचं काही बनते का?"

पोरीला आधी समजलं नाही.

"म्हंजे सोन्याचं कसं, सोनाराजवळ नेलं का गाळते, अन् दुसरं घडवून देते. तसं याचं होते का?"

पोरगी खाली पाहू लागली. गिऱ्हाईक हातचं जाणार, असं तिला वाटलं असावं. पण खोटं बोलली नाही. आवाज बारीक करून म्हणाली, "नहीं आंटी. इसमें सोना तो नाम का है. हे मोडलं तर कोणाचं काही होणार नाही."

"कोनाचंच नाही?"

"नहीं."

"मंग हेच द्या," बायको म्हणाली.

काय झालं, ते कळायला मला एक क्षण लागला, अन् कळलं तेव्हा दुकानात उभं राहवेना. माझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा बायकोच्या माहेरच्या कुड्या अन् मी आणलेली अंगठी गाळून बहिणीचं कानातलं झालं होतं. थोरल्या मुलीच्या लग्नात टॉप्स गेले. मुलाच्या लग्नात गोफ मोडून सुनेचं गळ्यातलं घडवलं, अन् सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, की पाहा, कंडक्टरनं कोणाला काही कमी पडू दिलं नाही. मी ती शाबासकी घेत फिरलो. बायकोला मी विचारलं नव्हतं, असं कसं म्हणू? विचारलं होतं की. दर वेळी विचारलं होतं, "पेटीची किल्ली कुठं आहे?" अन् तिनं दर वेळी किल्ली काढून दिली होती.

"तू कधी बोलली काऊन नाही?" मी विचारलं. माझा आवाज एवढा खाली आला होता, की तिला पुढं वाकावं लागलं.

"काय बोलू? घरचंच काम होतं. पोरीचं लग्न होतं, नाही कसं म्हनू?" ती टॉप्सकडे पाहतच बोलत होती. "तुमच्या हातचं मले आवडत नव्हतं, असं नाही जी. आवडाले लागलं का जाते, म्हनून घालत नव्हती. अंगावरचं काढून देलं तर चार लोकाईले दिसते. पेटीतलं गेलं तर कोनाले दिसत नाही."

पोरीनं मान फिरवून उगाच दुसरा ट्रे लावायला घेतला. मला रडू आलं. खाकी वर्दीत आयुष्य काढलेला माणूस मी, नाक पुसायला रुमाल शोधत बसलो.

बायकोनं कानातल्या काड्या काढल्या. टॉप्स घातले, पण मागची फिरकी काही तिला बसवता येईना, सवय मोडली होती. मी पुढं झालो. माझ्या तिकीट फाडणाऱ्या बोटांत ती एवढीशी फिरकी राहीना, दोनदा खाली पडली, पोरीनं वाकून शोधून दिली. शेवटी बसली. बायकोनं आरशात पाहिलं, अन् पाहतच राहिली. घाई केली नाही. मीही केली नाही.

पैसे देऊन झाले. पोरीनं लाल मखमलीची डबी पिशवीत घालून बायकोसमोर ठेवली. "आंटी, रात को निकालके इसमें रखना."

बायकोनं पिशवीतून डबी काढली अन् काउंटरवर परत सरकवली.

"डबी नोको, बाई," ती म्हणाली. "डबी दिसली का कोनी ना कोनी मांगते."

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण आमच्या घरात आजवर डबी मागायला माझ्याशिवाय दुसरं कोणी आलं नव्हतं.