देवाला वाहिलेले बूट

दादाला मी शेवटचं पाहिलं ते हॉस्पिटलात, आणि त्याने आधी माझ्या चेहऱ्याकडे नाही, पायांकडे पाहिलं. वॉर्डाच्या दारापासून त्याच्या खाटेपर्यंत मी गेले, तेवढ्यात त्याने माझी चाल तपासून घेतली. ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि म्हणाला, "सुमे, उजव्या पायावर अजून पूर्ण भार देत नाहीयेस." मी म्हटलं, "तू गप पड. मास्क लाव आधी." बहीणभावाचं शेवटचं बोलणं हे असं. काहीतरी बरं बोलता आलं असतं... पण आमच्या घरात तशी सवय कुणालाच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलुंडच्या मैदानावर मी गुडघ्याला पट्टा बांधत बसले होते, तेव्हा वहिनीचा फोन आला. ती नुसतं "ताई..." म्हणाली. मी "कळलं" म्हटलं, फोन ठेवला, आणि पट्टा बांधून पुरा केला. का, ते मला अजून सांगता येत नाही. हातांचं काम चालू होतं, ते चालू राहिलं.

त्याला जाऊन आता दीडएक महिना होईल. त्याचं नाव दिनकर, पण विक्रोळीपासून मुलुंडपर्यंत सकाळी मैदानावर येणारी बरीच मंडळी त्याला दिनूदादा म्हणून ओळखायची. नोकरी कारखान्याच्या डिस्पॅच खात्यात केली आणि तिथूनच रिटायर झाला. कोच वगैरे तो कधीच नव्हता, कुणी तसं म्हटलं तर वैतागायचा. पण कुणाचा घोटा मुरगळलेला, कुणाच्या नडगीला बारीक चीर पडलेली, कुणाची पाठ धरलेली, अशी डॉक्टरांकडून सुटलेली आणि धावायची धास्ती घेतलेली माणसं त्याच्याकडे यायची. हा त्यांना हळूहळू पुन्हा धावतं करायचा. आधी त्यांचे जुने बूट उलटे करून तळ बघायचा. "हे बघ, नुसतं चालणाऱ्याचा तळ टाचेकडे झिजतो. धावणाऱ्याचा चवड्याखाली. तुझा एकाच बाजूला झिजलाय, म्हणजे दुखायच्या आधीपासून तू लंगडतोयस." मग कित्येक आठवडे नुसतं चालायला लावायचा, स्वतः शेजारी चालत, गप्पा मारत. माणूस बोलायचा थांबला की हा चाल कमी करायचा.

त्याचा एक नियम मात्र लोकांना फार जड जायचा. चालून चालून एक दिवस असा येतो, की आतून उसळी येते, आज धावायचंच असं वाटतं. त्या दिवशी धावायचं नाही. सरळ घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी धावायचं. "ज्या दिवशी जीव उतावळा, त्या दिवशी पाय काय सांगतो ते ऐकू येत नाही," असं त्याचं म्हणणं. मोठमोठ्या कंपन्यांमधले साहेब त्याच्यापुढे गयावया करायचे, दादा आज जाऊ दे ना, फक्त एक राउंड. हा हसायचा आणि त्यांना गेटपर्यंत सोडून यायचा.

तो स्वतः मात्र कधी धावत नसे. मी त्याला सुटलेल्या बसमागेसुद्धा पळताना पाहिलेलं नाही. घराला आग लागली तरी दिनू चालतच खाली उतरेल, अशी आमच्याकडे थट्टा व्हायची. खरं तर एके काळी तो आमच्या सगळ्यांपेक्षा भारी धावायचा. गिरणी बंद पडल्यावर वडील विक्रोळीच्या कारखान्यात लागले आणि आम्ही तिथल्या चाळीत राहायला आलो. तेव्हापासून दादा पहाटे हायवेवर पळायला जायचा. कॉलेजतर्फे धावायचा, बक्षिसं आणायचा. वडिलांनी पोटाला चिमटा काढून त्याला तळाला खिळे असलेले शर्यतीचे बूट घेऊन दिले होते. आणि एका पहाटे एका टेम्पोने त्याला उडवलं. नडगीचं हाड मोडलं, जखम चिघळली, पाय काढावा लागेल की काय इथपर्यंत गोष्ट गेली. मी तेव्हा शाळेत होते. आई रात्रंदिवस देवापुढे बसलेली आठवते. पाय वाचला.

पुढच्या मे महिन्यात आम्ही गावी गेलो. आमच्या गावचा राखणदार देव रात्री गावाच्या सीमेवरून फिरतो आणि त्याची पायताणं झिजतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून नवस फेडायला लोक त्याला चामड्याच्या चपला वाहतात. जुन्या चपला उलट्या करून बघतात. तळ झिजलेला दिसला की म्हातारी माणसं समाधानाने मान हलवतात, देव फिरतोय, गाव राखतोय. आईने चपला नेल्याच नव्हत्या. तिने पिशवीतून दादाचे ते खिळ्यांचे बूट काढले आणि देवाच्या पायाशी ठेवले. "माझ्या झिलाचो पाय राखलंस, आता ह्यां तेचां पायताण तुका." गुरवाने आमच्या वतीने देवाला विनवणारं गाऱ्हाणं घातलं, आम्ही सगळे "होय महाराजा" म्हणालो. दादा कुबड्यांवर उभा होता, तोही म्हणाला. त्यानंतर तो धावला नाही. मला वाटायचं पायात जोर राहिला नसेल. वडिलांनाही तसंच वाटत असावं. कुणी विचारलं नाही. आमच्याकडे दुखऱ्या गोष्टीला हात लावायचा नाही, ही माया करायची पद्धत.

मी धावायला लागले ती पंचेचाळिशी उलटल्यावर, डॉक्टरांनी शुगरचा धाक घातला म्हणून. मग त्याची गोडीच लागली. आणि दोन वर्षांपूर्वी भाचीच्या हळदीत नाचताना गुडघ्याचा लिगामेंट फाटला. धावताना नव्हे, डीजेसमोर. ऑपरेशन झालं, फिजिओथेरपी झाली, आणि मग दादाने मला ताब्यात घेतलं. रोज सकाळी विक्रोळीहून बस पकडून मुलुंडला यायचा. मी काही गुणी पेशंट नव्हते. एकदा महिन्यांमागून महिने चालून वैतागले होते, आणि त्यात याने पुन्हा, "अजून नाही, सुमे," म्हटलं. माझी जीभ पहिल्यापासून तिखट. मी म्हटलं, "तुला काय कळणार रे? तू इतक्या वर्षांत एकदा तरी धावलायस का? लोकांना शिकवतो नुसता."

तो रागावला नाही. थोडं चालल्यावर म्हणाला, "मला धावता येत नाही असं वाटतं तुला?"

"मग काय?"

"पाय केव्हाच बरा झाला गं. पण ते दिलंय ना. आईने देवाला दिलंय. दिलेलं परत मागतात का कोणी?"

मी मैदानात उभी राहिले. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस देवाला वाहिलेल्या वस्तूसारखं आपलं धावणं बाजूला ठेवून होता. बसमागे पळायचासुद्धा नाही, कारण तेही धावणंच. आणि दुसऱ्यांना धावतं करत होता, कारण त्यांचं कुणी दिलेलं नव्हतं. मला हसावं की रडावं कळेना. मला त्याचा रागच आला, खरं सांगायचं तर.

त्याच रविवारी मी विक्रोळीला गेले. आई दादाकडेच असते. आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, दिसतं कमी, पण कान आणि जीभ शाबूत. दादा बाजारात गेला होता. मी तिला सगळं सांगितलं. तिने माझ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाली, "मिया पायताण दिलंय देवाक. धावणां खंय दिलंय? धावणां काय माझां होतां, देवाक देवक?" आणि हळू आवाजात, "माका वाटायचां, तेचो पाय दुखता. म्हणान मिया कधी इचारलंय नाय." म्हणजे आईचं मन दुखू नये म्हणून हा गप्प, आणि लेकाचं दुखू नये म्हणून ती. एका खोलीत, एका चुलीवरचं खात, चाळीस वर्षं दोघं गप्प. दुसऱ्या कुठल्या घरात असं घडलं असतं का, मला शंका आहे.

दादा पिशव्या घेऊन आला तसं तिने त्याला खाटेवर बसवलं. पँट वर करायला लावली आणि नडगीवरचा तो लांब व्रण बोटांनी चाचपला. म्हणाली, "धाव रे मेल्या. कोणी धरलेलां तुका?" दादा मोठ्याने हसला. मग उठून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. वहिनी चहा घेऊन गेली तेव्हा तो मोरीत नळ सोडून उभा होता. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते, आणि आम्ही कुणी काही विचारलं नाही. सवय जात नाही.

बूट घ्यायला आम्ही घाटकोपरला गेलो. कितीजणांना त्याने बूट निवडून दिले असतील, पण स्वतः स्टुलावर बसल्यावर अगदी गांगरला. दुकानातल्या मुलीने विचारलं, "काका, वॉकिंगचे दाखवू का रनिंगचे?" त्याने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "रनिंगचे." त्याच्या मापाचे काळे नव्हते, फक्त पोपटी होते. मी म्हटलं, "झकास. लांबून रिक्षावालेपण ओळखतील." तो म्हणाला, "हसून घे," पण बूट घालूनच दुकानाबाहेर पडला.

माझी अशी समजूत, की आता हा दुसऱ्या दिवशीच धावेल. छे. त्याने स्वतःलाही नियम लावले. आधी चालणं. लोकांना लावायचा त्याच्यापेक्षा जास्तच, कारण पाय जुना आणि वय साठीचं. मी रोज फोन करून छळायची, "काय रे, मुहूर्त काढलायस का?" तो म्हणायचा, "अजून उसळी आली नाही." आम्ही जवळची माणसं एकदा त्याला धावताना बघायला टपून बसलो होतो. मी तर सर्वांत जास्त. लहानपणी मी मैदानाच्या कडेला बसून त्याची चप्पल सांभाळायची. तो वळणावरून आला की छाती पुढे आणि मान किंचित डावीकडे... ते पुन्हा एकदा बघायचं होतं मला.

मग एका संध्याकाळी त्याचाच फोन आला. आवाजावरून कळलं. "सुमे, आज धावावंसं वाटलं गं. असलं वाटलं ना, काय सांगू. गेटपाशीच पाय शिवशिवायला लागले."

"मग? धावलास?"

"घरी आलो," तो म्हणाला, आणि दोघंही हसत सुटलो. "उद्या सकाळी ये तू. तुझ्यासमोरच धावतो. आईला पण रिक्षाने घेऊन येऊ, खुर्ची टाकू तिला."

मी उजाडताना विक्रोळीच्या मैदानावर पोचले. तो आला नव्हता. वहिनीचा फोन आला, अंगात ताप आहे, कापतोय नुसता. साधा ताप वाटला होता. तो छातीत उतरला, फुप्फुसांत पसरला, आणि पुढचं मी वर सांगितलंच आहे.

सांत्वनाला येणारे म्हणतात, शिस्तीचा माणूस, शेवटपर्यंत नियम पाळला. मला त्या शिस्तीचं कौतुक करता येत नाही. त्या संध्याकाळी एक राउंड मारली असती तर काय बिघडलं असतं? हाड मोडलं असतं, मोडू दे ना. पूर्वी बसवलं होतं तसं पुन्हा बसवलं असतं. आता त्याची काही माणसं मैदानावर माझ्याभोवती जमतात, ताई पुढे काय करू विचारतात. मी त्याचं सगळं सांगते. तळ बघा, बोलत बोलत चाला, घाई नको. उसळीच्या दिवशी घरी जायचं, एवढं मी कुणाला सांगत नाही. कुणी विचारलं, ताई आज धावू का, तर म्हणते धाव. दादा असता तर माझ्यावर चिडला असता.

परवा विक्रोळीला गेले होते. वहिनीने त्याचे कपडे बांधून ठेवलेत, पण ते पोपटी बूट दारातल्या रॅकवर तसेच आहेत. आई हलवू देत नाही. वहिनी म्हणाली, देवाला नेऊन वाहायचे का, तर आई म्हणाली, नको, एकदा दिलां तां पुरे. मी चपला घालून निघाले, तेवढ्यात खाटेवरून तिने हाक मारली. "सुमन, ते बूट उलटे करून तळ बघ गो. झिजलो काय?"

मी बूट उचलून उजेडाकडे धरले. चवड्याखालची नक्षी दुकानातून आणली तशी कोरी होती. टाचेकडे मात्र झिजली होती.

"झिजलाय गं आई," मी म्हटलं.

तिने समाधानाने मान हलवली. कुठे झिजलाय, ते मी सांगितलं नाही.