पोट भरलेलं, तोंड उपाशी
आमच्या स्टुडिओत माणसाचं मांस शिजवायची ती आक्का. दचकू नका. झोंबींची मालिका चालू होती, आणि पडद्यावर त्यांना जे काही ओरबाडून खायचं असे, ते सगळं आक्काच्या पातेल्यातून यायचं. बीटचा रस, जिलेटिन, थोडी साखर. मी रंगभूषेत. चांगल्या घरची पोरं खुर्चीत बसवायची आणि सडवायची, हे माझं काम. आम्हा दोघींची टेबलं शेजारी शेजारी, त्यामुळे तिचं सगळं मला ठाऊक.

आक्काच्या हाताला गुण होता, पण बाई भारी हट्टी. झोंबीचे नकली दात बसवले की धड चावता येत नाही. एकदा एकाच्या घशात पावाचा तुकडा अडकला, तेव्हापासून चावावं लागेल असं काही तिनं ठेवलंच नाही. तिचा तुकडा जिभेवर ठेवला की विरघळून आपोआप खाली उतरायचा. प्रत्येक पातेलं आधी स्वतः चाखून बघायची. ‘‘माझ्या हातचं खाऊन कुणाला ठसका लागता कामा नये,’’ म्हणायची. आणि खरंच कधी लागला नाही.

घरी भाऊजी, म्हणजे तिचे यजमान, अंथरुणाला खिळलेले. अर्धांगाचा झटका आला, एक बाजू लुळी पडली, वाचा गेली आणि गिळणंही गेलं. नाकात नळी, नळीतून पातळ अन्न. डॉक्टरांनी बजावून ठेवलेलं, आम्ही तपासून सांगेपर्यंत तोंडातून पाण्याचा थेंबसुद्धा द्यायचा नाही. पोट भरत होतं, अंगही टिकून होतं. पण आक्का ताट घेऊन बसली की ते तिच्या हाताकडे टक लावून बघत राहायचे. मग ती स्वयंपाकघराचं दार लोटून उभ्या उभ्या जेवायला लागली. चमचा वाजू नये म्हणून हातानंच खायची.

‘‘चोरासारखी जेवते गं मी,’’ एकदा मला म्हणाली. ‘‘घास घशाखाली उतरत नाही, तरी खातेच. लाज वाटते बघ.’’

अशातच एका दुपारी लंबूनं वाद काढला. लंबू म्हणजे आमचा सगळ्यात जुना झोंबी, ताडमाड आणि नको तितका चौकस. दिग्दर्शकाला म्हणाला, ‘‘साहेब, मी मेलोय ना? पोट सडलंय, रक्त गोठलंय. मग खाल्लेलं जातं कुठं? आणि नाही खाल्लं तर काय, परत मरणार?’’

‘‘तुला गरज नाहीच रे,’’ दिग्दर्शक म्हणाला. ‘‘आपल्या गोष्टीत तळघरात कोंडलेले झोंबी वर्षानुवर्षं घासाशिवाय उभे आहेतच की. पोट गेलं, भूक तेवढी राहिली. जिवंत होतास तेव्हाची ती एकच गोष्ट तुझ्यात उरलीय.’’

‘‘म्हणजे कितीही खा, समाधान नाही. आमचे सासरे तसेच!’’ लंबू म्हणाला आणि सगळे खदाखदा हसले.

आक्का हसली नाही. सुरी हातात तशीच. हळूच म्हणाली, ‘‘गरज नसताना भूक लागायची, म्हणजे किती हाल गं त्या जिवाचे.’’

‘‘अगं बाई, खोटा आहे तो झोंबी!’’ मी खेकसले. मला एकाचा गाल फाडायचा होता, उशीर होत होता.

‘‘हो,’’ ती म्हणाली, ‘‘तो खोटा आहे.’’

जाताना तिनं डब्यात थोडी जेली भरली. मी बघितलं, पण नातवंडासाठी नेत असेल असं वाटलं. दोनेक दिवसांनी ती कामावर आली नाही, फोन केला तर दवाखान्यात. मी पळतच गेले. भाऊजी आत काचेपलीकडे, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. आक्का बाहेरच्या बाकावर अंग चोरून बसलेली.

‘‘मी भरवलं गं,’’ मला बघताच म्हणाली. ‘‘अगदी मऊ होतं. जिभेवर ठेवलं, त्यांनी डोळे मिटले, चेहरा असा खुलला म्हणून सांगू! तोंड उघडून आणखी मागितलं, तर आणखी दिलं. ठसकासुद्धा लागला नाही. मला वाटलं, जमलं.’’

पण तोंडाच्या उबेनं जिलेटिनचं पाणी होतं. ते पाणी सरळ फुप्फुसात गेलं होतं. अशा आजारात कधीकधी ठसका लागणंही बंद होतं, हे डॉक्टरांनी तिला नंतर समजावलं. नटांच्या घशासाठी जे तिनं जीव ओतून मऊ केलं, तेच भाऊजींच्या जिवावर उठलं.

‘‘डोकं ठिकाणावर होतं का तुझं?’’ माझ्या तोंडून निघून गेलं. मी जीभ चावली.

‘‘बोल गं,’’ ती म्हणाली. ‘‘डॉक्टर रागावलेसुद्धा नाहीत. कुणीतरी बोला मला. मी मारत होते त्यांना.’’

मग मात्र मी तिला जवळ घेतलं, पण ती लाकडासारखी ताठ. तिचं एकच चाललेलं, ‘‘ते वाचले तरी माझ्याकडे बघतील का गं? मला जवळ येऊ देतील का?’’

भाऊजी वाचले. ताप उतरला, मास्क निघाला, त्यांना साध्या वॉर्डात हलवलं. तरी आक्का पायथ्याशीच उभी राहायची, उशाशी जायची हिंमत होईना. शेवटी मीच तिला दंडाला धरून पुढे ढकललं.

‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘माझं चुकलं. मी तुम्हाला मरणाच्या दारात...’’ 

भाऊजींनी चांगला हात उचलला. आता झिडकारणार म्हणून आक्कानं डोळे गच्च मिटले. त्यांनी तिची बोटं धरली, ओढून आपल्या ओठांपाशी नेली आणि तोंड उघडलं. चेहऱ्यावर राग नावालाही नव्हता. ते वाट बघत होते.

‘‘नाही हो,’’ आक्का म्हणाली. ‘‘आता नाही.’’

त्यांनी तोंड तसंच उघडं ठेवलं, लहान मूल ठेवतं तसं. आक्काच्या डोळ्यांना धारा लागल्या. ‘‘नाही,’’ ती पुन्हा म्हणाली, आणि हनुवटीला हात लावून तिनं त्यांचं तोंड आपल्या हातानं मिटवलं.